न जुळणारे चाळीस मिलिव्होल्ट

चेतापेशीत विजेचा आवेग कसा निर्माण होतो आणि तंतूतून पुढे कसा सरकतो, हे आज बारावीच्या जीवशास्त्रात थोडक्यात शिकवून होते. सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते, आवेग पुढे जातो. एवढे निश्चितपणे सांगता यायला 1902 ते 1952 अशी पन्नास वर्षे लागली. या काळाचा इतिहास बहुतेकदा साधनांचा इतिहास म्हणून सांगतात: आधी जाड तंतू मिळाला, मग त्यात शिरेल असा इलेक्ट्रोड आला, मग पटलावरचा विभव हवा तेवढा स्थिर ठेवणारे यंत्र आले. हा क्रम खरा आहे, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. कारण सोडियमकडे बोट दाखवणारा पुरावा 1902 मध्येच छापून आला होता. एका अत्यंत सुबक सिद्धांतामुळे तो बाजूला पडला आणि त्या सिद्धांताशी न जुळणाऱ्या एका आकड्यामुळे पुन्हा वर आला, असे माझे म्हणणे आहे.

तो सिद्धांत ज्युलियस बर्नस्टाइन यांचा. आवेगाला वेग असतो आणि तो मोजता येतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतेवर 1850 मध्येच दाखवले होते. तो निघाला सेकंदाला तीसेक मीटर, म्हणजे तारेतल्या विजेपुढे फारच मंद. तेव्हा चेतातंतू ही नुसती तार नाही हे उघड झाले होते. बर्नस्टाइन यांनी 1902 मध्ये कारण सुचवले. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते, पेशीपटल विश्रांतीत फक्त पोटॅशियमलाच वाट देते, म्हणून धनभारित पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आतली बाजू ऋण राहते. आवेग येतो तेव्हा पटलाची ही निवड क्षणभर कोसळते, सगळ्याच आयनांना वाट मिळते आणि विभवांतर शून्यावर येते. आयनाच्या आत-बाहेरच्या प्रमाणावरून विभव काढणाऱ्या नेर्न्स्ट यांच्या समीकरणाने त्याला गणिताचा आधारही मिळाला. त्याच वर्षी अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी बेडकाच्या स्नायूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भोवतालच्या द्रवातून सोडियम काढून टाकले की स्नायू उत्तेजित होणेच थांबते, आणि सोडियम परत दिले की पुन्हा होऊ लागते. उत्तेजनाच्या वेळी सोडियम व पोटॅशियम यांची अदलाबदल होत असावी, असेही त्यांनी सुचवले. पण लगेच त्यांनी स्वतःच अडचण काढली: आयुष्यभर धडधडणाऱ्या हृदयाचा स्नायू मग सोडियमने भरून का जात नाही? ही शंका रास्त होती. सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा असल्याचा पुरावा तेव्हा कोणाकडेच नव्हता. सूचना तिथेच राहिली.

पुढचा टप्पा माकुळाचा. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये दाखवून दिले की माकुळाच्या शरीरात जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे चेतातंतू असतात. ऑगस्ट 1939 मध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूत काचेची बारीक नळी आतून सरकवली आणि आत-बाहेरचा विभव थेट मोजला. बर्नस्टाइन यांच्या हिशेबाने शिखर शून्याशी थांबायला हवे होते. ते थांबले नाही. विश्रांतीत सुमारे उणे 45 मिलिव्होल्ट असलेली आतली बाजू आवेगात शून्य ओलांडून सुमारे अधिक 40 पर्यंत गेली. पटल नुसते कोसळत असेल, तर शून्याच्या पलीकडचे हे 40 मिलिव्होल्ट येतात कुठून? काही आठवड्यांतच युद्ध सुरू झाले आणि दोघांना हे काम सोडून युद्धकार्याला जावे लागले. 1945 मध्ये त्यांनी सविस्तर निबंध लिहिला, शिखराच्या चार संभाव्य कारणांची चर्चा केली आणि त्यांत सोडियमचे नाव नव्हते! सिद्धांताची पकड किती घट्ट असते, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

उत्तर 1947 मध्ये मिळाले. हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातले सोडियम कमी-जास्त केले. सोडियम घटले की शिखर खाली आले, वाढले की वर गेले, तेही नेर्न्स्टच्या समीकरणाला धरून. विश्रांतीचा विभव मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणजे आवेगात पटल कोसळत नाही. ते आपली निवड बदलते: क्षणभर सोडियमला वाट देते, मग ती बंद करून पोटॅशियमला देते. आत आलेला भार शेजारच्या पटलाला उंबरठ्यापर्यंत नेतो, तिथली सोडियमची वाट उघडते, आणि आवेग दर ठिकाणी नव्याने जन्मत पुढे जातो. म्हणूनच तो वाटेत विरत नाही, आणि तारेतल्या विजेइतका वेगवानही नसतो.

यावर पहिला आक्षेप असा की श्रेय माकुळाला आणि यंत्रांना द्यावे. पण अटलांटिकपलीकडे कोल आणि कर्टिस यांच्याकडेही तोच तंतू होता. 1939 मध्ये आवेगाच्या वेळी पटलाचा विद्युतरोध सुमारे चाळीस पटींनी घटतो हे त्यांनी मोजले, आणि हा निष्कर्ष बर्नस्टाइन यांच्या बाजूचा वाटला. विभव स्थिर ठेवण्याचे तंत्रही 1947 मध्ये कोल यांनीच उभे केले. त्या तंत्राने मिळालेला प्रवाह सोडियमचा किती आणि पोटॅशियमचा किती, हे वेगळे काढले हॉजकिन आणि हक्सली यांनी, कारण कोणता आयन बदलून पाहायचा हे त्यांना ठाऊक झाले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: न जुळणारा आकडा बऱ्याचदा मोजणीची चूक असतो. अगदी खरे. 1942 मध्ये कर्टिस आणि कोल यांच्या एका नोंदीत शिखर शून्याच्या वर 110 मिलिव्होल्ट आले. सोडियमने त्याचा उलगडा होणे शक्य नव्हते आणि त्या आकड्याने सगळ्यांनाच काही काळ भरकटवले. म्हणून आकडा न जुळणे पुरेसे नसते. त्याचे कारण हाताने बदलून पाहता आले पाहिजे, आणि तसे ते पाहिले गेले.

1952 च्या निबंधमालेत हॉजकिन आणि हक्सली यांनी समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा उपलब्ध नव्हता. हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आवेगाचा वेग काढला. उत्तर आले सेकंदाला 18.8 मीटर, तंतूत मोजलेला वेग होता 21.2. ही नुसती रेषा जुळवून घेण्याची करामत आहे, असे कोणी म्हणेल. पण समीकरणांतले आकडे विभव स्थिर ठेवून मोजलेल्या प्रवाहांवरून घेतले होते, आवेगाच्या वेगावरून नव्हे. वेग त्यातून आपोआप निघाला. समीकरणे जुळली म्हणून त्यांमागची कल्पिलेली यंत्रणा सिद्ध झाली असे समजू नका, ही ताकीदही लेखकांनी तिथेच दिली. पटलात आयनांसाठी सुट्या वाहिन्या असतात, हे पुढे नेहर आणि झाकमान यांनी 1976 मध्ये स्नायूपटलातल्या एकेका वाहिनीचा प्रवाह नोंदवून दाखवले. ओव्हर्टन यांच्या शंकेचेही निरसन झाले: सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारे विकर येन्स स्कू यांनी 1957 मध्ये शोधले.

बर्नस्टाइन विश्रांतीच्या बाबतीत बहुतांशी बरोबर होते, आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण हा धडा शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. सोडियम-पोटॅशियमची आकृती फळ्यावर काढण्याआधी 1939 चा तो शून्य ओलांडणारा आलेख विद्यार्थ्यांपुढे ठेवा, शिखर शून्यावर का थांबले नाही हे त्यांनाच विचारा, आणि ओव्हर्टन यांचे नाव सांगायला विसरू नका.