मसुदा, आराखडा व योजना : वाशीच्या कागदांवरून शब्दविचार

विसाव्या शतकांतील छापील कागद हेंही आतां इतिहासाचें साधन झालें आहे. अशा कागदांवर ‘ड्राफ्ट’, ‘प्लॅन’, ‘स्कीम’ व ‘स्केच’ हे इंग्रजी शब्द वारंवार आढळतात. मराठींत त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळतात आणि कागदाचा अधिकार ठरविण्यांत चूक होते. वाशी व तिच्या भोंवतालचें नवें शहर ज्या कागदांवरून उभें राहिलें, त्यांच्या आधारें हा भेद आम्ही येथें स्पष्ट करतों.

‘ड्राफ्ट’ शब्दाच्या मुळाशीं ‘ओढणें’ हा अर्थ आहे. रेघ ओढणें हा त्यांतूनच आला. आपला ‘मसुदा’ अरबी असून त्याचा मूलार्थ ‘काळें केलेलें’ असा होतो. उलटपक्षीं, वादीचें म्हणणें आधीं फळ्यावर पांडुलेखानें, म्हणजे खडूनें, लिहावें व शोधून मग पत्रावर उतरावें, असें कात्यायनाचें विधान आहे. एक काळा, दुसरा पांढरा. परंतु दोहोंचें प्रयोजन एकच. पुढें दुरुस्ती करावयाची हें गृहीत धरून केलेलें तें लेखन होय. कच्चा खर्डा लिहिणाऱ्याच्या दप्तरीं राही. पलीकडे जाई ती शुद्ध प्रत.

नगररचनेंतील ‘ड्राफ्ट’ मात्र या जातीचा नव्हे. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं ‘मार्ग’ नियतकालिकांत खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडली. ती केवळ सूचना होती. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि १९७३ सालीं नव्या मुंबईच्या विकास योजनेचा ‘ड्राफ्ट’ प्रसिद्ध झाला. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणें असा मसुदा लोकांच्या हरकतींसाठीं उघड करावा लागतो. सरकारची मंजुरी १९७९ सालीं मिळाली. म्हणून १९७३ ची छापील प्रत हा खर्डा नव्हे, आणि अंतिम लेखही नव्हे. तिजवरून त्या वेळचा हेतु सिद्ध होतो; मंजूर काय झालें, तें सिद्ध होत नाहीं.

‘प्लॅन’चें मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘समतल’ असा आहे. त्यामुळें वरून पाहिलेला नकाशा व मनांतील संकल्प, असे दोन्ही अर्थ त्यांत वसतात. विकास योजनेंत अहवाल व नकाशे दोन्ही येतात; नकाशाचा सुटा ताव हाती असणारानें ती समग्र आहे असें मानूं नये. ‘स्केच’ला मोजमापाचें बंधन नसतें, त्यावरून अंतर काढणें व्यर्थ होय.

सर्वांत मोठा घोटाळा ‘स्कीम’चा आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यांत ती आली. ‘प्लॅन’ जमिनीचा उपयोग ठरवितो, तर ही ‘स्कीम’ भूखंडांची फेररचना करून कोणास कोणता तुकडा मिळेल, हें ठरविते. मराठींत दोहोंसही ‘योजना’च म्हणतात. भूसंपादनांत जमिनी गेलेल्या गांवकऱ्यांसाठींची ‘साडेबारा टक्के योजना’ नगररचनेची नसली तरी वाटणीचीच आहे. विकास योजनेच्या नकाशावर आपल्या घराण्याचा हक्क शोधणारास तो तेथें सांपडावयाचा नाहीं.

तात्पर्य, कागद दप्तरांत बांधण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: तो कोणास उद्देशून आहे, त्यावर मंजुरीचा उल्लेख आहे कीं नाहीं, आणि त्यांत जमिनीचा उपयोग सांगितला आहे कीं वाटणी. वेष्टणावर मूळ इंग्रजी शब्द देवनागरींत जसाचा तसा उतरावा व मराठी प्रतिशब्द त्याच्या खालीं लिहावा, म्हणजे पुढील अभ्यासकाची वाट चुकणार नाहीं.