बसायला जागा नाही

‘दुकानांत माणसं का टिकत नाहीत, त्यावर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या मनात पगाराचे आकडे असावेत. पगार कमी आहेच. पण पुण्यातल्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेल्यावर मला आधी जाणवलं ते वेगळंच: सबंध मजल्यावर विक्रेत्यांसाठी एकही स्टूल नव्हतं.

कुर्त्यांच्या विभागातल्या ताईंचे हात मी बराच वेळ पाहत राहिलो. ट्रायल रूममधून परत आलेला ढीग त्या उचलतात. बाह्या आत, कडेला कड, गळा वर, साइझचं लेबल दिसेल अशी घडी. गिऱ्हाईक येतं, सहा कुर्ते उलगडतं, एकही न घेता जातं. ताई पहिल्यापासून घड्या घालायला लागतात. कोणाला कुठला कट शोभेल हे त्या टेप न लावता सांगतात. ही नजर वर्षानुवर्षांच्या कामातून येते, नव्या पोरीला दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये देता येत नाही. अशी बाई गेली की दुकानाचं जे नुकसान होतं, ते कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

‘पाय सुजतात, त्याची सवय झाली,’ त्या म्हणाल्या. ‘पण उद्याची शिफ्ट रात्री ग्रुपवर कळते. मुलीला क्लासला कोण सोडणार?’ वीकऑफ मंगळवारी, नवऱ्याची सुट्टी रविवारी. शटर पडल्यावर मोजदाद आणि आवराआवर, मग बसची वाट. त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच मुली एजन्सीच्या पे-रोलवर आहेत. समोरच्या दुकानात हजार रुपये जास्त मिळाले की त्या जातात, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

शिफ्टची अनिश्चितता कमी करता येते. अमेरिकेत ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या 28 दुकानांत संशोधकांनी प्रयोग केला. त्यांतल्या ज्या दुकानांत कामाच्या वेळा स्थिर केल्या, तिथे विक्री साधारण 7 टक्क्यांनी वाढली.

बसण्याचा प्रश्न मात्र आपल्याच देशात बायकांनी लढून सोडवला. कोळिकोडच्या मिठाई तेरुव या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती. दिवसभर लघवी अडवून धरावी लागू नये म्हणून या बायका पाणीच पीत नसत. मग बसण्याच्या हक्काची मागणी पुढे आली. 2018 मध्ये केरळने आणि 2021 मध्ये तामिळनाडूने दुकानांत कामगारांना बसण्याची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं.

इथल्या मॅनेजरना मी स्टुलाबद्दल विचारलं. ‘बसलेला स्टाफ आळशी दिसतो,’ ते म्हणाले. घरी येऊन महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा वाचला. त्यात दिवसाला 9 तासांची मर्यादा होती आणि सलग 5 तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास 10 करायला आणि कामगारांची अट 20 वर न्यायला मंजुरी दिली. लक्ष्मी रस्त्यावर मी ज्या दुकानांत साड्या पाहत फिरलो, त्यांतल्या कितीतरी दुकानांत वीस माणसं नाहीत. तिथे दुपारच्या त्या अर्ध्या तासासाठी आता कोणत्या कलमावर बोट ठेवायचं?