नॉमिनी म्हणजे मालक का?

विम्याचा फॉर्म भरताना नॉमिनीच्या रकान्यात आपण एक नाव लिहितो आणि विसरून जातो. लग्नाआधी बहुधा आईचं. पुढे कोणी बायकोचं घालतो, कोणी म्हातारपणी सेवा करणाऱ्या धाकट्याचं. माणूस गेला की कागद बाहेर निघतो आणि भांडण लागतं: माझं नाव काढलं कुणी?

विमा कायदा १९३८, कलम ३९. पॉलिसीची मुदत संपेपर्यंत नॉमिनी केव्हाही बदलता येतो, पॉलिसीवर नोंद करून किंवा मृत्युपत्राने. जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही. मात्र कंपनीला लेखी कळवलं नसेल, तर ती जुन्यालाच पैसे देऊन मोकळी होते.

खरी मेख पुढेच आहे. पैसे हातात आले म्हणजे आपले झाले का? नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी खटल्यात सांगितलं. नॉमिनीने घ्यायचे, वाटप वारसा कायद्याने. हिंदू माणसाची आई, बायको, मुलगे, मुली हे पहिल्या वर्गाचे वारस. वडील त्यात नाहीत, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो! 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात २०२३ साली शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही न्यायालय हेच म्हणालं.

म्हणजे नॉमिनी हा विश्वस्त. हा शब्द आम्हा वर्धेकरांना नवा नाही. बापूंनी तो कायद्याच्या अभ्यासातूनच उचलला होता. त्यांनी स्वतः मुंबईत दहा हजारांची पॉलिसी काढली आणि आफ्रिकेत गेल्यावर हप्ते थांबवून ती सोडून दिली. बायकामुलांचं स्वावलंबन आपण हिरावून घेतलं, असं त्यांना वाटलं. आम्हाला हे काही पटत नाही. कापसाच्या पिकावर जगणाऱ्या घराला तो सल्ला परवडायचा नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने मात्र गुंता वाढवला. आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेचा लाभही त्यांचाच, असं कलमात आलं. तरी २०२५ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने, लग्नाआधी नॉमिनी केलेली आई, सून आणि नातू यांना एकेक तृतीयांश दिला. कलमाचे शब्द पाहता हा अर्थ थोडा ओढूनताणून काढल्यासारखा वाटतो, बरं का. पण न्याय पटतो.

बायकोमुलांचा हिस्सा पक्का करायचा असेल तर १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा आहे. त्याखालच्या पॉलिसीचा आपोआप ट्रस्ट होतो. मग नवऱ्यालाही मनात आलं म्हणून नाव बदलता येत नाही. पण तो फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो.