डब्यावरची बारीक अक्षरे आणि मध्यम भाजणीची कॉफी



आमच्या घरात कॉफी आली ती १९८६ साली, माझी बदली बँकेच्या चाकण शाखेत झाली तेव्हा. त्या काळी चाकण म्हणजे कांदा-बटाट्याची मोठी बाजारपेठ. बजाज, फोक्सवॅगन, महिंद्र यांचे कारखाने यायला अजून अवकाश होता. खातेदारांचा सारा व्यवहार कांदा-बटाट्याचा आणि माझ्या घरी दोन्ही वर्ज्य, यावरून शाखेत माझी थोडी थट्टाही होत असे. तेथील एक तमिळ सहकारी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीत वाढलेले होते. त्यांनी मला स्टीलचा दोन मजली फिल्टर भेट दिला आणि कॉफी कशी गाळायची तेही शिकवले. मातोश्रींना चहाने पित्त होई, कॉफी मानवली. तेव्हापासून दुपारी चारची एक वाटी कॉफी हा त्यांचा नेम झाला.

मातोश्रींनी कंदमुळाचा त्याग लग्नाआधीच केलेला. गाजर, मुळा, बीट, रताळे यांपैकी काहीही त्यांच्या ताटात कधी आले नाही. लग्नकार्यात पंगतीला बसण्यापूर्वी त्या आचाऱ्याला चार प्रश्न विचारीत.

२०२० च्या टाळेबंदीत दुकानातून आलेले प्रत्येक पाकीट पुसून घेण्याचे काम माझ्याकडे होते. निवृत्त माणसाला वेळ भरपूर, म्हणून पुसता पुसता मी वाचूही लागलो. कॉफीच्या पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के.

चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे मूळ. युनानी औषधांत जिला कासनी म्हणतात तीच ही. गुजरात आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. जमिनीतून मूळ उपटून, कापून, वाळवून, भाजून त्याची पूड करतात. ती कॉफीहून स्वस्त असते, पेयाला गडद रंग आणि दाटपणा देते, आणि तिच्यात कॅफिन नसते. हे मिश्रण बेकायदेशीर मुळीच नाही. कॉफीचा अंश किमान ५१ टक्के असावा आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे, एवढी कायद्याची अट आहे. कंपनीने ती पाळली होती. वाचले नव्हते ते मी.

दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी चार वाजता वाटी पुढे ठेवण्याऐवजी पाकीट ठेवले आणि सांगितले. मातोश्रींनी चष्मा लावून अंक पाहिले. म्हणाल्या, "अरे, जन्मभर बँकेत दुसऱ्यांचे कागद वाचलेस. हा एवढा वाचायचा राहिला?" मग हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणाल्या आणि उठून गेल्या.

चिकोरी वाळवून भाजलेली असते; सुंठ आणि हळद चालते तर ही का नाही, असे पुढे अनेकांनी मला विचारले. विधिनिषेधाचा निर्णय हा माझा प्रांत नव्हे. तो ज्याने त्याने आपल्या साधू-साध्वीजींना विचारावा. परंतु विचारण्यासाठी आधी आपण काय पितो हे ठाऊक हवे.

मी लगोलग शंभर टक्के कॉफी आणली. पाकिटावर 'मध्यम भाजणी' असे लिहिले होते. पूर्वीच्याच मापाने, पूर्वीच्याच फिल्टरमध्ये केली. मातोश्रींनी एक घोट घेतला आणि वाटी सरकवली. "हे तर कॉफीचं धुवण." त्यांचे म्हणणे खरे होते : कॉफी पातळ होती आणि आंबटही. चौतीस वर्षांची सवय मोडायची तर बदल्यात काही चांगले द्यायला हवे होते. तेव्हापासून मी हा विषय एखाद्या कर्जप्रकरणासारखा मुळातून तपासला.

आधी भाजणी. चकलीची भाजणी करणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागणार नाही की धान्य कोणत्या क्षणी आचेवरून उतरवले यावर सारी चव ठरते. कॉफीचे हिरवे बी साधारण १९५ ते २०० अंशांच्या पुढे लाहीसारखे तडतडू लागते. ही पहिली तडतड संपल्यावर, पण २२५ अंशांच्या आसपास होणारी दुसरी तडतड सुरू होण्याआधी उतरवले तर ती मध्यम भाजणी. असे बी तपकिरी आणि कोरडे दिसते. गडद भाजलेले काळपट असते आणि त्याच्या अंगावर तेल सुटते. मध्यम भाजणीत बियाची स्वतःची चव, त्यातला फळासारखा आंबटगोडपणा टिकतो. परंतु हे बी अधिक घट्ट असल्यामुळे त्यातला अर्क सहज सुटत नाही.

बियातला सुमारे ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, आणि त्यातही १८ ते २२ टक्के उतरला की चव जुळते, असे अमेरिकेत १९५० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून पुढे आले. वसुली कमी झाली तर कॉफी आंबट, अति झाली तर कडू. आमच्याकडे वसुली कमी होत होती. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे फिल्टरमधून थेंब सावकाश पडतात. ती गेल्याबरोबर पाणी भराभर खाली उतरू लागले आणि अर्क निघेना.

उपाय तीन केले. पूड थोडी बारीक, म्हणजे बारीक रव्याहूनही किंचित बारीक दळली (अगदी पिठासारखी केली तर भोके बुजतात). पुडीचे माप वाढवले. आणि चमचा सोडून काटा घेतला. आपल्या समाजात तराजू नाही असे घर विरळाच. सराफीच्या दुकानातला जुना छोटा काटा मला एका नातलगाने दिला. तिघांसाठी ३० ग्रॅम पूड आणि २०० मिलिलिटर पाणी. वरच्या भांड्यात पूड समतल करून चकती हलकेच टेकवावी, दाबू नये. पुडीच्या दुपटीएवढे, म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर पाणी आधी घालून अर्धा मिनिट थांबावे. ताजी पूड असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात; भाजताना आत कोंडलेला वायू बाहेर पडतो आणि मग पाणी सर्वत्र सारखे भिनते. उरलेले पाणी घालून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत सुमारे १४० मिलिलिटर अर्क खाली जमतो. तो पुन्हा तापवू नये. दूध गरम असावे, तेही पूर्वीपेक्षा कमी. मध्यम भाजणी दुधात लवकर हरवते.

नातू बिनदुधाची पितो. त्याच्यासाठी काचेच्या दट्ट्याच्या भांड्यात १५ ग्रॅम जाडसर पूड, २२५ मिलिलिटर पाणी आणि घड्याळी चार मिनिटे.

पाण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन येते. ते तुलनेने मृदू असते. परंतु उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी मिसळते, आणि त्या जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटगोडपणा मारून टाकतात. आमची एप्रिल-मेमधली कॉफी निर्जीव का लागते, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. उत्तर स्वयंपाकघरातच होते. मातोश्रींसाठी रोज पाणी गाळून, उकळून ठेवले जाते. उकळल्याने त्यातले बरेच क्षार भांड्याच्या तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी अलगद ओतून पुन्हा तापवले की कॉफीला उत्तम. यंत्राने अतिशुद्ध केलेले पाणी उलट फिके पडते, कारण चव उतरवायला थोडे क्षार लागतातच. आपल्या उंचीवर पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांवर उकळते. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबले की ते मध्यम भाजणीला योग्य होते.

खरेदीत आपले व्यापारी मन आड येते. पाच किलो एकदम घेतले तर भाव कमी पडतो, हा हिशेब येथे तोट्याचा. भाजून आठवडाभराने कॉफी खुलते आणि महिन्याभरात उतरू लागते. म्हणून पाव किलोहून अधिक घेऊ नये, पॅकिंगची नव्हे तर भाजल्याची तारीख पाहावी, शक्य तर अख्खे बी घेऊन घरी दळावे. बाजारातले शब्दही माहीत असावेत : धुतलेल्या अरेबिकाला 'प्लँटेशन', धुतलेल्या रोबस्टाला 'पार्चमेंट' आणि फळासकट वाळवलेल्या बियाला 'चेरी' म्हणतात. आमच्या घरी प्लँटेशनमध्ये थोडे पार्चमेंट मिसळतो. चिकोरीने दिलेला दाटपणा त्यातून बराचसा परत मिळाला. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकाची, पण मुक्तागिरीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तिथून चिखलदऱ्याला अवश्य जावे. आपल्या महाराष्ट्रातली कॉफीची झाडे तिथे पाहायला मिळतात.

मातोश्रींनी दुसऱ्यांदा वाटी घेतली ती पर्युषण झाल्यावर. तोवर मी रोज करून स्वतःच पीत होतो आणि रात्री जागत होतो, हेही सांगून टाकतो. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो. त्यांनी अर्धी वाटी संपवली, थांबल्या, आणि "साखर कमी घातलीस का?" असे विचारले. साखर तेवढीच होती. मग उरलेली अर्धीही संपवली.

आता त्यांचे वय पंचाऐंशी आहे. चारची कॉफी पूर्ववत सुरू आहे. मात्र नवे पाकीट आले की ते आधी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावे लागते, पुढची बाजू आणि मागचीही. त्यानंतरच कात्री मिळते.