पोपटाची कोशिंबीर

झाशीत पोपटांच्या दोन पंगती बसतात. पहिली उघड्यावर. पळस आणि काटेसावरीची फुलं, वड-पिंपळाची फळं, बाभूळ-शिरीषाच्या शेंगा, बोरं, पेरू, आणि शेतकऱ्याच्या नाकावर टिच्चून ज्वारीची कणसं असा तिचा बेत. दुसरी पिंजऱ्यातल्या स्टीलच्या वाटीत. तिथे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एक हिरवी मिरची, मालकाची मर्जी असेल तर पेरूची फोड, आणि अलीकडे पाकिटातल्या सूर्यफुलाच्या बिया. पहिल्या पंगतीचा पोपट थव्याबरोबर मैलोन्‌मैल उडून ते जेवण जिरवतो. दुसऱ्या पंगतीचा दांडीवर बसून राहतो, अंगाने सुटतो, आणि एक दिवस पिसं फुगवून कोपऱ्यात बसतो. तेव्हा घरचे म्हणतात, कालपर्यंत तर चांगला होता!

आहारावर बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असलेला आपला नेहमीचा हिरवा पोपट घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या सगळ्या पोपटांना संरक्षण दिलंय आणि १९९०-९१पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरी झाशीपासून सोलापूरपर्यंत ओसरीवर ‘मिठू’ टांगलेला दिसतोच. असा पक्षी घरात असेल, तर तो वन विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राच्या हवाली करावा. पिंजऱ्याचं दार उघडून त्याला हवेत सोडून देणं म्हणजे पुण्य नव्हे. हाताने वाढवलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, शिकरा ओळखता येत नाही. हा लेख आहे तो परदेशी वंशाच्या, पाळायला मुभा असलेल्या पक्ष्यांसाठी: बजरीगर, कॉकाटिल, लव्हबर्ड, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे. त्यातल्याही ज्या जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत आहेत त्यांची नोंदणी सुधारित वन्यजीव कायद्याने सक्तीची केली असून तिचे नियम २०२४मध्ये आले. आफ्रिकन ग्रे त्यांतलाच. बजरीगर आणि कॉकाटिल या यादीत नाहीत.

आता वाटीकडे वळू. बाजारात ‘पोपटाचं खाणं’ म्हणून जे पाकीट मिळतं, त्यात सूर्यफुलाच्या बिया मुख्य असतात. सोललेल्या बीत निम्मी चरबी असते. शंभर ग्रॅमला साधारण पन्नास ग्रॅम. त्यात कॅल्शियम जेमतेम ऐंशी मिलिग्रॅम आणि फॉस्फरस त्याच्या आठपट. पक्ष्याला हवं असतं नेमकं उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसहून जास्त. पुढचं सगळं या एका हिशेबातून निघतं. यकृतावर चरबी चढते, हाडं ठिसूळ होतात, मादीचं अंडं आत अडकतं (नर नसला तरी ती अंडी घालते, हे अनेकांना ठाऊक नसतं), आफ्रिकन ग्रेला झटके येतात. शिवाय बियांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाचा पत्ता नसतो. ते कमी पडलं की तोंडातलं आणि श्वासनलिकेचं नाजूक अस्तर कडक होतं, जंतूंना वाट मिळते आणि सर्दीसारखं दुखणं सुरू होतं. औषधाने ते चार दिवस थांबतं. वाटी तीच राहिली की परत येतं.

वाटीतली मिरची मात्र आजीबाईंच्या शहाणपणाची. पोपटाला ती झोंबत नाही. तिखटपणा जाणवतो तो कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे. आपल्या मज्जातंतूंवर ते जिथे चिकटतं तो ग्राहक पक्ष्यांमध्येही असतो, पण त्याची घडण जराशी वेगळी असल्याने कॅप्सेसिन तिथे पकड घेत नाही. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कोंबडीत तो तिखटाला दाद देत नाही, हेही याच प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवलं. गंमत अशी की मिरची मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. म्हणजे बुंदेलखंडातल्या पोपटांच्या पूर्वजांनी हजारो पिढ्या मिरची पाहिलीही नव्हती, तरी ती पचवण्याची तयारी जन्मजात होती. फक्त हिरवीपेक्षा पिकलेली लाल मिरची द्या. ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन तिच्यात कितीतरी अधिक असतं.

मिरचीला सोबत हवी ती भाज्यांची. परदेशात पक्षी पाळणारे रोज भाज्या बारीक चिरून एकत्र कालवतात. आपल्या स्वयंपाकघराला ही कृती नवी नाही. ती मीठ, साखर, दही आणि फोडणी वगळलेली कोशिंबीरच. पाया केशरी-लाल भाज्यांचा असावा: गाजर, लाल भोपळा, केशरी रताळं (उकडून), लाल ढोबळी मिरची. त्यात पाला घालावा: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मुळ्याची पानं. पालक कधीमधीच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मग थोडी मोड आलेली कडधान्यं, आणि मुठीपुरतं शिजवलेलं ज्वारी-बाजरीसारखं धान्य. फळ शेवटी आणि कमी. पेरू, डाळिंब, पपई चालेल. बिया काढलेलं सफरचंदही. पोपटाला गोड आवडतं, पण आवड आणि गरज यांत फरक करणं हे मालकाचं काम.

मग ताटात प्रमाण काय? पक्षीवैद्यांचा साधारण कल असा की लहानमोठ्या बहुतेक पोपटांसाठी निम्म्याहून अधिक वाटा चांगल्या प्रतीच्या तयार खाद्यगोळ्यांचा (पेलेट), उरलेल्यातला मोठा भाग ताज्या भाजीचा आणि बिया फक्त बक्षिसापुरत्या. गोळ्या महाग पडतात आणि सगळीकडे मिळत नाहीत, हे खरं. पण गोळ्या नसतील तर भाजी आणखी महत्त्वाची होते, कमी नाही. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. कोकणच्या किनाऱ्यावर तो फुकट वेचता येतो, झाशीत विकत घ्यावा लागतो.

झाशीत हे जेवण ऋतूप्रमाणे सांभाळावं लागतं. हिवाळा तर राजाच. सीपरी बाजारात गाजर, मटार, मेथी आणि बथुआ, म्हणजे आपला चाकवत, यांचे ढीग लागतात आणि चिरलेली भाजी सकाळपासून दुपारपर्यंत टिकते. मे महिन्यात मात्र पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा भाजीची वाटी दीड-दोन तासांत उचललीच पाहिजे. ती पहाटे द्यावी, आणि पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा घासावं. या दिवसांत भिजवलेली डाळ सर्वांत धोक्याची. सकाळी भिजवून दुपारपर्यंत वाटीत ठेवलेली डाळ आंबते, आणि आंबलेल्या डाळीतले जंतू वीतभर पक्ष्याला पुरतात. झाशीत मराठी घरं अठराव्या शतकापासून, मराठा सुभेदार नारो शंकर आणि नेवाळकरांच्या काळापासून नांदताहेत. तिथल्या मराठी माणसाला मटकीला मोड कसे आणावेत हे सांगायला नको. एवढंच सांगायचं की पक्ष्यासाठी मोड दर काही तासांनी धुवावेत, जरासा आंबूस वास आला तरी फेकावेत. पावसाळ्यात शेंगदाणे नकोतच. बुंदेलखंडात भुईमूग भरपूर पिकतो, पण दमट दाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते आणि ते थेट यकृतावर जातं.

या शहरात १९६२पासून भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था आहे. गाई-म्हशींनी काय खावं यावर तिथे सहा दशकं काम चाललंय. पिंजऱ्यातल्या पक्ष्याने काय खावं याची विचारपूस मात्र आपण दुकानदाराकडे करतो, आणि तो त्याला विकायचं तेच सांगतो.

वर्ज्य काय ते ठासून सांगायला हवं. लोणीफळ, म्हणजे अॅव्होकॅडो, पक्ष्याला जीवघेणं ठरतं. चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा-लसूण, खारवलेलं काहीही नको. राजमा कच्चा वा अर्धकच्चा देऊ नये, नीट उकळून शिजवलेला चालतो. दूध पक्ष्याला पचत नाही, त्याच्या पोटात ते पचवणारं विकरच नसतं.

आणि तो भाजी खात नाही, ही तक्रार? खरी आहे. बियांवर वाढलेला पोपट नव्या वस्तूला खाद्य समजतच नाही, तो तिला घाबरतो. हा बदल आठवड्यांचा असतो, दिवसांचा नव्हे. सकाळी तो भुकेला असताना भाजी आधी, बिया संध्याकाळी. ओल्या मेथीची जुडी पिंजऱ्याला उलटी टांगावी, पानांशी तो खेळता खेळता चाखतो. त्याच्यासमोर स्वतः गाजर खावं. थव्यात राहणारा जीव दुसऱ्याला खाताना पाहून शिकतो. आणि ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघराचा काटा घ्यावा. ही माझ्या मते पिंजऱ्याइतकीच आवश्यक वस्तू. रोज एकाच वेळी वजन करावं. शंभर ग्रॅमच्या कॉकाटिलचं दहा ग्रॅमनी उतरलं तर हट्ट सोडून जुन्या खाण्याकडे परतावं आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारावं. उपाशी ठेवून शिकवणं हा मूर्खपणा आहे, एवढंसं शरीर दोन दिवसांत कोसळतं.

दिवाळीत तर आणखी काळजी घ्या. चकली, शेव, चिवडा त्याला देऊ नका, पाहुण्यांनाही आधीच बजावून ठेवा. फराळ तळताना पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. विशेषतः नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्यातून निघणारा धूर आपल्याला जाणवण्याआधी पक्ष्याला मारतो. फटाक्यांच्या रात्री पिंजऱ्यावर एका बाजूने कापड टाका, खिडकी बंद करा, आणि लाल भोपळ्याची एक फोड त्याच्या वाटीत ठेवा.