गावात की लोहाऱ्याकडे?

यवतमाळला पहिल्या पोस्टिंगवर आलेला बँकेतला प्रोबेशनर असो की मेडिकलचा निवासी डॉक्टर, आठवडाभरात त्याला हमखास विचारलं जातं, ‘खोली कुठं पाहून राहिले? गावात की लोहाऱ्याकडे?’ गावात म्हणजे दत्त चौक, मेन लाइन, आझाद मैदानाच्या आसपासची जुनी वस्ती. बाकी सगळे ले-आऊट. लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, भोसा इथं 2016पर्यंत ग्रामपंचायतींचा कारभार होता. मग ही गावं नगर परिषदेत आली. हद्द आदेशानं वाढते, नळ आणि नाल्यांना वेळ लागतो.

पुण्या-मुंबईत घर निवडताना आधी प्रवासाचा वेळ मोजतात. इथं स्कूटीवर अर्ध्या तासात गाव पालथं घालता येतं. दारव्हा रोडवरच्या लोहारा एमआयडीसीत, डेनिम मिलमध्ये नोकरी असेल तर तिकडंच राहणं सोयीचं, एवढं सोडलं तर अंतराचा मुद्दा इथं फारसा नाहीच. मुद्दा पाण्याचा.

शहराची भिस्त वर्षानुवर्षं निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर होती. 2017चा पावसाळा दगा देऊन गेला आणि 2018च्या उन्हाळ्यात दोन्हींचा तळ उघडा पडला. नळाचे दिवस लांबले, टँकरपुढे ड्रमांच्या रांगा लागल्या. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची अमृत योजना मंजूर होती, पण त्या उन्हाळ्यात ती तहानेला पुरी पडली नाही. ज्यानं तो मे महिना इथं काढला, तो आजही खोली बघताना आधी टाकं बघतो.

तुम्हीही बघा. घरमालक टाइल्स दाखवेल, किचनचा ओटा दाखवेल. तुम्ही पोर्चमधल्या टाक्याचं झाकण उचला. आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेघा असतात. सगळ्या वरच्या बाजूला असतील तर ठीक, तळाशी दाट झाल्या असतील तर भाव करायला हरकत नाही. मग बोअरचं विचारा. खाली काळा पाषाण आहे आणि पाणी त्याच्या भेगांतच सापडतं. म्हणून एका प्लॉटवर मोटार तासभर चालते आणि कंपाउंडला कंपाउंड लागून असलेल्या घरात नुसती हवा येते.

एकटं राहणाऱ्यांनी, विशेषतः रात्रपाळीच्या मुलींनी, पहिलं वर्ष गावातच काढावं असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या ले-आऊटमध्ये चार बंगले आणि मध्ये गाजरगवताचे मोकळे प्लॉट. रात्री अकराला ऑटोवालाही नाक मुरडतो. गावात मेस आहे, मेडिकल स्टोअर आहे, जाग आहे. नवरात्रात तर जरा जास्तच! दुर्गोत्सवाचे मांडव दाराशी येतात आणि सकाळची ड्यूटी असलेल्याचे हाल होतात.

रेल्वे येणार म्हणून प्लॉट घ्यायचा मोह मात्र आवरा. वर्ध्याहून गाडी कळंबपर्यंत फेब्रुवारी 2024मध्ये आली. प्लॉट विकणाऱ्यांच्या तोंडी ती यवतमाळात कधीचीच पोचली होती. एनएचा आदेश, सातबारा आणि मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

आणि किरायाच्या घराची चौकशी घरमालकाकडं करण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, मागच्या उन्हाळ्यात या गल्लीत टँकर किती वेळा आला ते विचारा.