रमजानचा एक फेरा

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. माझा पहिला रोजा 1993च्या फेब्रुवारीतला, अकराव्या वर्षी धरलेला. 2026मध्ये रमजान पुन्हा फेब्रुवारीत आला. माझा एक फेरा झाला!

तेव्हा मुंबईची दंगल ताजी होती. आमच्या गावात काही घडलं नव्हतं, पण मोठी माणसं हळू आवाजात बोलत. रोजाकुशाईला, म्हणजे पहिल्या रोज्याच्या कौतुकाला, अब्बांनी मोजकीच घरं बोलावली. मगरिबच्या अजानआधी दारात माझा वर्गमित्र, हातात डबा; मागे सायकल धरून त्याचे वडील. अब्बा क्षणभर थबकले. काका म्हणाले, "पोराचा पहिला उपास ना? म्हणून आलो." डब्यात साबुदाणावडे होते. उपासाला काय चालतं, ते काकूंनी आपल्या हिशेबानं ठरवलेलं!

मधे दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. पण अब्बांना माती देताना तो माझ्या शेजारी होता.

यंदाही तो पहिल्या रोज्याला आला. दोघांनाही साखर, मी डॉक्टरांना विचारूनच रोजे धरतो. तळलेलं बंद, तरी डब्यात वडेच. एक मोडून त्यानं अर्धा माझ्यापुढे धरला. म्हटलं, "पुढच्या फेऱ्याला आपण 77चे असू."

"तेव्हा मऊ करून आणीन," तो म्हणाला.